दांडीतला पीळ

कांद्याच्या हंगामात केडगावच्या पुणे रस्त्यावर पिकअपगाड्यांची रीघ लागते. (केडगाव म्हणजे दौंडजवळचं नव्हे, नगरच्या वेशीवरचं, रेणुकामातेचं केडगाव.) नेप्तीच्या उपबाजाराकडे गोण्या घेऊन निघालेल्या गाडीचं मागचं अंग बसलेलं असतं, नाक वर असतं. माल उतरवून ती परत निघाली की चित्र उलटं होतं. मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मोकळे होतात, मागची बाजू उंच होते आणि पुढची वाकल्यासारखी दिसते. कुणाला हे वाकणं खटकतं, कुणाच्या गाडीचं पोट शिवाराच्या वाटेवर बांधाला घासतं, कुणाला मोठे टायर बसवायचे असतात. मग गाडीची पुढची उंची वाढवून घ्यायचं ठरतं.

काम तासाभराचं वाटतं. पुढची बाजू जॅकवर घ्यायची, दोन्हीकडचे बोल्ट सारखे फेरे आवळायचे, गाडी खाली सोडायची. पण टेप लावला की डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली निघते. डावीकडचा बोल्ट आणखी आवळावा, तर एक फेरी मारून आल्यावर तीच बाजू वर गेलेली असते. दोन्हीकडे सारखंच केलं, मग फरक आला कुठून? या प्रश्नाचा माग काढत गाडीखाली शिरलं, की साध्या लोखंडाच्या दांडीत किती विलक्षण गोष्टी घडत असतात ते दिसायला लागतं.

२०१० साली आलेल्या महिंद्रा थारचं किंवा पहिल्या पिढीच्या टाटा सफारीचं पुढचं चाक वाकून पाहा. टोयोटाच्या जुन्या हायलक्स पिकअपमध्येही तेच दिसेल. शॉकअप दिसतो, पण गुंडाळलेली स्प्रिंग कुठेच नाही. त्याऐवजी चाकाच्या आर्मपासून निघून चेसिसला समांतर मागे गेलेली एक सरळ दांडी दिसते. तिचं पुढचं टोक आर्ममध्ये अडकलेलं असतं. मागचं टोक एका छोट्या तरफेत बसलेलं असतं आणि त्या तरफेला खालून एक बोल्ट रेटून धरतो. हा टॉर्शन बार. चाक वर गेलं की आर्म फिरतो, आर्म फिरला की दांडीला पीळ पडतो, आणि पीळ उलगडायला बघणारी दांडी चाकाला पुन्हा खाली दाबते. पुढच्या अर्ध्या गाडीचा भार या दोन दांड्यांच्या पिळावर तोललेला असतो.

हिशेब करून पाहू. एक मीटर लांब आणि २४ मिलिमीटर जाड दांडी घ्या. आर्मची लांबी ३५ सेंटिमीटर धरा आणि चाकावरचा भार ४०० किलो. पोलादाच्या गुणधर्मांवरून गणित मांडलं तर गाडी नुसती उभी असताना या दांडीला सुमारे ३० अंशांचा पीळ पडलेला असतो. करंगळीहून जाड पोलाद, आणि त्याचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या तुलनेत काटकोनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं फिरलेलं! तरीही डोळ्याला काहीच दिसत नाही. भार नसताना दांडीवर खडूनं एक सरळ रेघ ओढली, तर भार आल्यावर ती रेघ दांडीच्या अक्षापासून एक तृतीयांश अंशानं तिरकी होईल. इतकं सूक्ष्म सरकणं मीटरभर लांबीत साठत जातं आणि टोकाला ३० अंश होतं.

याच गणितातली दुसरी गोष्ट मला पहिलीहूनही मोठी वाटते. दांडीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. जाडी दहा टक्के वाढवली तर दांडी सुमारे ४६ टक्के ताठर होते. आणि पोलाद कसलंही असो, मऊ असो की उष्णोपचार करून कडक केलेलं, त्याच मापाच्या दांडीचा ताठरपणा जवळजवळ तेवढाच राहतो. कडक केल्यानं दांडी जास्त ताठ होत नाही, ती जास्त पीळ सोसून मूळ जागी परत येऊ शकते. भट्टीतून पोलादाला जे मिळतं ते परतण्याचं बळ आहे.

ही युक्ती गाड्यांमध्ये रुजली ती गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९३४ साली सिट्रोएनची त्राक्सिओं आव्हां ही मोटार टॉर्शन बारवर रस्त्यावर आली, आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या लँड्सव्हेर्क कंपनीनं एल-६० हा हलका रणगाडा याच दांड्यांवर उभा केला. पुढं रणगाड्यांच्या जगानं ही युक्ती मनापासून उचलली, आणि इथं केडगावकरांना लांब जायची गरज उरत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून नगरातच आहे आणि त्याचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून. शाळेच्या सहलीत आपण तिथं तोफांच्या नळ्या पाहिल्या. आता पुन्हा जाल तेव्हा चाकं पाहा.

चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला विजयंत रणगाडा सुमारे ३९ टनांचा. दोन्ही बाजूंना सहा-सहा चाकं. म्हणजे एकेका चाकावर सव्वातीन टनांच्या आसपास भार, आणि तो पेलणारा टॉर्शन बारच. पिकअपमध्ये दांडी चेसिसच्या लांबीत झोपलेली असते, रणगाड्यात ती पोटाखालून आडवी, या अंगापासून त्या अंगापर्यंत जाते. डाव्या चाकाची दांडी उजव्या भिंतीत रोवलेली, उजव्या चाकाची डाव्या भिंतीत. दोघी एकाच जागेत मावत नाहीत, शेजारी-शेजारी बसतात. म्हणून अशा बहुतेक रणगाड्यांत डाव्या बाजूची चाकं उजव्या बाजूच्या चाकांच्या अगदी समोर नसतात, किंचित मागे-पुढे असतात. रणगाड्याच्या आत न शिरता, नुसत्या चाकांच्या जागेवरून पोटातल्या दांड्या ओळखता येतात. सेंच्युरियन रणगाड्याजवळ उभं राहिलात तर वेगळी रचना दिसेल. त्याची चाकं जोडीजोडीनं बोगीवर बसवलेली आणि त्यांच्यामध्ये आडव्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा.

आता पिकअपच्या बोल्टकडे येऊ. बोल्ट आवळला की गाडी वर येते, हे खरं. त्यावरून जवळपास प्रत्येक जण असं धरून चालतो की दांडीला आणखी पीळ दिला, ती जास्त ताठर झाली, म्हणून गाडी उचलली गेली. पण क्षणभर थांबून विचार करा. गाडीचं वजन बदललं का? नाही. चाकावर तेवढाच भार आहे, आर्मची लांबी तेवढीच आहे, म्हणजे दांडीवरचा मरोड (पिळणारा जोर) तेवढाच. मरोड तेवढाच, तर पीळही तेवढाच. उंची वाढवण्याआधी दांडीत ३० अंशांचा पीळ होता आणि वाढवल्यानंतरही ३० अंशांचाच आहे. बोल्टनं फक्त मागचं टोक फिरवलं, आणि त्याबरोबर ती अख्खी पिळलेली दांडी आहे त्या पिळासकट फिरून नव्या जागी आली. (कोन बदलल्यामुळे आर्मच्या परिणामकारक लांबीत बारीक फरक पडतो, पण तो इथं सोडून देऊ.) गाडी पाच सेंटिमीटर वर गेली आणि पोलादाच्या पोटात काहीही बदललं नाही, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

मग उचललेली गाडी धक्के का देते? कारण चाकाची खाली जायची वाट आखूड झाली. गाडी खड्ड्यावरून जाते तेव्हा चाकाला खाली उतरावं लागतं. आर्म आधीच इतका खाली झुकवलेला असेल की तो तळच्या थांब्याच्या रबराला टेकायला आला आहे, तर चाक खड्ड्यात उतरत नाही, वरच्या बाजूला खट् आवाज होतो आणि शॉकअप ताणला जाऊन अडकतो. पुढची चाकंही इंजिनवर चालणारी असतील तर त्यांच्या सीव्ही जॉइंटना सतत वाकड्या कोनात फिरावं लागतं. धक्का स्प्रिंगचा नसतो, जागा संपल्याचा असतो. म्हणून उंचीबरोबर एक माप आधीच घेऊन ठेवावं: गाडी नुसती उभी असताना आर्म आणि खालचा थांबा यांच्यात किती अंतर उरलं आहे.

आता दोन बाजूंमधल्या त्या दोन सेंटिमीटरच्या फरकाकडे. वजन तेवढंच असेल तर पीळ तेवढाच, हे एकदा पटलं की संशयित फार उरत नाहीत. एक बाजू खाली असेल तर तिच्या दांडीवर भार जास्त येतो आहे, किंवा दांडीचं रोवलेलं टोक वेगळ्या कोनात आहे, किंवा दांडीच थकली आहे. आणि या तिन्हींच्या आधी, आपलं मापच खोटं असू शकतं.

माप खोटं ठरायचं सगळ्यात साधं कारण जॅक आहे. गाडी वर उचलली की दोन्ही चाकं खाली लोंबतात आणि आर्मच्या भूमितीमुळे आतल्या बाजूला सरकतात. गाडी खाली सोडताना टायर जमिनीला चिकटून धरतो. त्याला बाहेर सरकायचं असतं, पण फरशी सोडत नाही, आणि गाडी खरी बसायच्या आधीच वर अडकून राहते. दोन्ही टायर सारखेच अडकतील याचीही हमी नाही. म्हणून गाडी आठ-दहा फूट पुढे-मागे ढकलावी आणि मगच टेप लावावा. त्याहूनही पक्की एक पद्धत आहे. बंपर खाली दाबून हळूच सोडा, माप घ्या. मग बंपर वर उचलून हळूच सोडा, पुन्हा माप घ्या. दोन्ही मापं जुळणार नाहीत, कारण सांध्यांमधलं घर्षण गाडीला थोडी वर किंवा थोडी खाली धरून ठेवतं. दोन मापांची सरासरी ही खरी उंची. टेप जमिनीपासून न लावता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत लावला, की टायरच्या हवेचा फरक आपोआप वगळला जातो.

पुढचा संशयित आर्मचे बुश. बुश म्हणजे दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकलेली, आतली बोल्टनं चेसिसला आवळलेली. आर्म हलला की रबर पिळतं. म्हणजे बुशही एक छोटा टॉर्शन बार आहे, फक्त रबराचा. चाक हवेत लोंबत असताना कुणी हा बोल्ट आवळला, तर रबराची निवांत जागा ती लोंबलेली अवस्था ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि गाडीला वर रेटत बसतं. काही महिन्यांनी ते फाटतं आणि ती बाजू एकाएकी खाली बसते. उंची वाढवताना याच्या उलटंही घडतं. जुना बुश जुन्या उंचीला निवांत होता, आता तो नव्या उंचीवरून गाडीला खाली ओढतो. एका बाजूचा आर्म मागे कधी बदलला असेल आणि दुसरा मूळचाच असेल, तर दोन बुश दोन वेगळ्या दिशांना ओढत असतात, आणि बोल्टचे फेरे कितीही मोजले तरी बाजू जुळत नाहीत. उपाय बिनखर्चाचा आहे. आर्मचे बोल्ट सैल करायचे, गाडी स्वतःच्या वजनावर नव्या उंचीला बसू द्यायची, आणि चाकं जमिनीवर असतानाच बोल्ट पुन्हा पूर्ण आवळायचे.

तिसरा पिळाचा दांडा म्हणजे दोन्ही चाकांना आडवा जोडणारा स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं सारखी वर-खाली झाली तर तो काहीच करत नाही. बाजू वर-खाली झाल्या की तो पिळतो, उंच बाजूला खाली ओढतो आणि खालच्या बाजूला वर. त्यामुळे तो खरा फरक लपवतो. तो स्वतः वाकलेला असेल किंवा त्याच्या दोन लिंक कमी-जास्त लांबीच्या असतील, तर नसलेला फरक तयारही करतो. एका बाजूची लिंक सोडून माप घेतलं की दोन्ही गोष्टी उघड होतात.

आणि मग येतो माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार, गाडीची मागची बाजू. नेप्तीला वर्षानुवर्षं गोण्या वाहिलेल्या पिकअपचा मागचा एक पाटा दुसऱ्यापेक्षा जास्त बसलेला असणं अगदी शक्य आहे. चेसिस ताठ असते. मागचा डावा कोपरा खाली गेला की ती पुढचा डावा कोपराही खाली खेचते. पुढची डावी दांडी निर्दोष असूनही तिच्यावर जादा भार येतो आणि ती जास्त पिळते. हे तपासायला पुढची चाकं अडवून, मागच्या टोकाला चेसिसच्या आडव्या बीमखाली अगदी मधोमध जॅक लावायचा आणि मागची चाकं जेमतेम मोकळी करायची. (गाडीखाली त्या वेळी कुणीही नको.) आता मागचे पाटे गाडीला ना डावीकडे झुकवू शकतात, ना उजवीकडे. पुढचा झुकाव नाहीसा झाला तर दोष मागे आहे, राहिला तर पुढे.

दोष मागे असताना पुढचा बोल्ट आवळून उंची जुळवली तर काय होतं? पुढचा डावा कोपरा वर रेटला जातो, आणि त्याच्याबरोबर तिरक्या रेषेतला मागचा उजवा कोपराही जादा भार घेतो. टेपवर गाडी सरळ दिसते, पण चार चाकांवरचा भार तिरका झालेला असतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की कमी भाराचं चाक आधी घसरतं आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढचं मडगार्ड सरळ दिसावं म्हणून असा सौदा करू नये.

दांडीच्या टोकावर बारीक खाचा असतात आणि त्या तरफेत अडकतात. समजा ३० खाचा आहेत. एक खाच म्हणजे १२ अंश, आणि ३५ सेंटिमीटरच्या आर्मवर १२ अंश म्हणजे चाकाशी सात सेंटिमीटरहून अधिक! दांडी काढून घालताना एक खाच चुकली तरी बोल्टचे सगळे फेरे त्या चुकीची भरपाई करण्यातच संपतात. एका बाजूचा बोल्ट टोकापर्यंत गेलेला आणि दुसऱ्याचा अर्ध्यावर असेल तर हाच संशय घ्यावा. बोल्टचे उरलेले आटे दोन्हीकडे थोडे कमी-जास्त असणं मात्र चूक नाही. सारखी हवी ती उंची. पोर्शे ९११ च्या मागच्या दांडीला एका टोकाला ४० खाचा होत्या, दुसऱ्याला ४४. एक टोक एक खाच पुढे आणि दुसरं एक खाच मागे नेलं, की ९ अंशांतून सुमारे ८.२ अंश वजा होऊन एका अंशाहूनही कमी फरक हाती येतो. बोल्टच नको, नुसत्या दोन पूर्णांकांच्या मेळातून बारीक माप!

शेवटी दांडी स्वतः. चांगली दांडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिला मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पिळलं जातं, इतकं की वरचा थर कायमचा सरकतो. सोडल्यावर आतला गाभा त्या थराला मागे ओढून धरतो आणि दांडीच्या कातडीत उलट दिशेचा ताण कायमचा साठून राहतो. गाडीखाली आल्यावर भाराला आधी तो उलटा ताण फेडावा लागतो, म्हणून दांडी जास्त सोसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तो पीळ कारखान्यातच मुरवलेला असतो. पण तो एकाच दिशेचा असतो. डावी दांडी उजवीकडे बसवली, की साठवलेला ताण मदतीऐवजी भारात मिळतो, दांडी हळूहळू बसते आणि एखाद्या दिवशी तुटते. म्हणून टोकांवर डावी-उजवीची खूण कोरलेली असते. दांड्या काढताना गंज खरवडून ती खूण वाचायला विसरू नये. सगळं तपासूनही फरक उरलाच तर दोन्ही दांड्यांची अदलाबदल न करता नवी जोडी घ्यावी.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा आताच्या हायलक्ससारख्या पिकअपमध्ये पुढे गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिची तार नीट पाहिली तर कळतं की स्प्रिंग दबते तेव्हा तार वाकत नसते, ती आपल्याच अक्षाभोवती पिळत असते. म्हणजे तीही टॉर्शन बारच, जागा वाचवण्यासाठी वेटोळी केलेली. इथं उंची वाढवायला शॉकअपच्या माथ्यावर स्पेसर घालतात आणि लोक चक्रावतात, कारण २५ मिलिमीटरच्या स्पेसरनं गाडी त्याच्या जवळपास दुप्पट उचलली जाते. शॉकअप आर्मच्या टोकाला नसून मधल्या भागाला टेकलेला असतो. मध्यापाशी एक बोट हललं की टोकाशी दोन बोटं हलतात. एका बाजूचा स्पेसर तीन-चार मिलिमीटरनं जाड असेल तर मडगार्डशी तोच फरक सहा ते आठ मिलिमीटर दिसतो. या स्प्रिंगचा वरचा नट कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही खोलू नये. दबलेली स्प्रिंग माणूस मारते. टॉर्शन बारची तरफही तशीच, चाक लोंबत असतानाही दांडीत पीळ शिल्लक असतो.

हे सगळं करण्याआधी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं ठरवलेल्या रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. यामागचं कारण नगरकरांना समजायला सोपं आहे. विक्रीआधी देशातल्या वाहनांना ज्या संस्थांमधून चाचणी पार करावी लागते, त्यांतली एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, इथंच वाहननगरात आहे. त्या चाचण्या एका ठरावीक उंचीवर झालेल्या असतात. बसलेली दांडी मूळ मापाला आणणं ही दुरुस्ती आहे, त्याच्या पुढे जाणं हा बदल आहे.

उंची जुळली की काम अर्धं झालं. आर्मचा कोन बदलला की चाकाचा उभा कल बदलतो, आणि स्टिअरिंगची दांडी वेगळ्या वर्तुळात फिरत असल्यामुळे चाकांची तोंडंही आत किंवा बाहेर वळतात. म्हणून अलाइनमेंट नेहमी उंचीनंतर करायची. आधी करून मग बोल्ट फिरवला तर पैसे वाया. नव्या दांड्या किंवा स्प्रिंगा घातल्या असतील तर काही दिवस गाडी चालवून, त्या बसल्यावर पुन्हा मोजायचं आणि मगच अलाइनमेंटला न्यायचं. आणि हेडलाइट खाली करून घ्यायचे, कारण नाक वर गेलं की झोत थेट समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो, आणि बायपासवर रात्री असे दुचाकीवाले खूप असतात.